तुम्हाला आधीच ऐकू आलेलं वाक्य

अम्मा,

तुम्ही गेल्यापासून तेरा दिवस रघू येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होता. "अम्माला शेवटपर्यंत काही कळलं नाही. शी वॉज नॉट स्केअर्ड." दारात चपलाबुटांचा ढीग, हॉलमध्ये देवळातून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, आणि तुमचा मुलगा प्रत्येक खुर्चीपाशी वाकून तेच बोलतोय. मी त्याच्या मागे कॉफीचा ट्रे धरून उभी. चौदाव्या दिवशी मी तोंड उघडलं. आज सतरावा दिवस आहे, आणि फ्रीमाँटच्या या टाउनहाउसमध्ये दोन माणसं एकमेकांना वळसा घालून चालतायत.

हे मी मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं आणि माझं तमिळ दूध, भाजी, औषध आणि हवामान एवढ्यापुरतं. पण भांडायला माणसाला स्वतःची भाषा लागते, आणि मला तुमच्याशी भांडायचंय. सासू-सुनांची भांडणं होतात म्हणे. आपलं एकही धड झालं नाही. मी आवाज चढवला की तुम्ही उठून कॉफी टाकायला जायचात, आणि परत येईपर्यंत मी कशावरून चिडले होते तेच मला आठवायचं नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात, अप्पांबरोबर, सहा महिन्यांसाठी. आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी रघूकडून तमिळचे वीस-पंचवीस शब्द घोकून घेतले होते आणि त्यातला माझा सगळ्यात लाडका होता 'तेरियुम'. म्हणजे 'माहितीये'. पुण्याच्या माणसाला परक्या भाषेत आधी हाच शब्द लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून मला सांगितलंत, विरजण लावताना दूध कोमट हवं. मी म्हटलं, तेरियुम. तुम्ही म्हणालात, इथं गारठा असतो, भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवावं. तेरियुम. तिसरी गोष्ट तुम्ही सांगितलीच नाहीत. दुपारपर्यंत गप्प होतात. मला वाटलं, जेट लॅग असेल.

संध्याकाळी किराणा आणायला जाताना गाडीत रघूनं विचारलं, "तू अम्माला तेरियुम म्हणालीस?"

"हो. मला माहिती होतं."

"असं नाही म्हणत यार. तिनं दार उघडलं आणि तू तिच्या तोंडावर लावलंस. अप्पडिया म्हणायचं."

"म्हणजे?"

"असं का? असं होय?"

"पण मला माहितीये तर असं का कशाला म्हणू? खोटं बोलू?"

"खोटं नाही ते. पोलाइट असतं," तो म्हणाला. आम्ही दोघं हिंदी, इंग्रजी आणि त्याच्या मोडक्या मराठीचं कडबोळं बोलतो. त्या कडबोळ्यात मला हे काही पटलं नाही. आमच्या घरी कुणी माहीत असलेली गोष्ट सांगायला लागलं तर समोरचा त्याचं वाक्य पूर्ण करून देतो. त्यात कुणाला काही वाटत नाही, निदान मला कधी वाटलं नव्हतं. पण नवी सून होते, म्हणून दुसऱ्या दिवशीपासून अप्पडिया म्हणायला लागले. दात ओठ खाऊन म्हणत होते, हे आज कबूल करते.

तुम्हाला ते कळलं असणारच. कारण आठ-दहा दिवसांनी शेंगा मोडत बसलो असताना तुम्ही मला ती एक्स्चेंजची गोष्ट सांगितलीत, सोप्या तमिळमध्ये, खुणा करत, मला कळेपर्यंत पुन्हा पुन्हा. तिरुचीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुम्ही एकतीस वर्षं ऑपरेटर होतात. कानाला हेडफोन, समोर वायरींचा बोर्ड, आणि गावातल्या सगळ्या बऱ्यावाईट बातम्या तुमच्या हातून जोडल्या जायच्या. एकदा तुमच्याच शेजारणीच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्याचा फोन मद्रासहून आला, तो तुम्ही जोडून दिलात. लाइन नीट आहे ना बघायला पहिली दोन वाक्यं ऐकावीच लागत. संध्याकाळी घरी आलात तर ती शेजारीण दारात उभी. तिनं रडत रडत सगळं सांगितलं. तुम्ही अप्पडिया म्हणालात, तिला आत घेतलंत, सगळं पहिल्यापासून ऐकलंत.

मी मोडक्या तमिळमध्ये विचारलं, "तुम्हाला माहीत होतं हे तिला कधीच सांगितलं नाही?"

"तिला सांगायचं होतं," तुम्ही म्हणालात. "मला माहीत होतं म्हणून काय झालं?"

मी त्या दिवशी हातातली शेंग मोडायची थांबले होते. माझ्या आईनं मला खूप गोष्टी शिकवल्या, पण समोरच्याचं बोलणं त्याला पूर्ण करू द्यावं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर अप्पडिया म्हणताना माझे दात ओठांवर गेले नाहीत. आणि एक गंमत लक्षात आली. तेरियुम म्हटलं की तुम्ही थांबायचात, अप्पडिया म्हटलं की पुढचं सांगायचात. विरजणाच्या पुढे तुमच्या सासूबाई निघाल्या, त्यांच्या पुढे तुमची पहिली नोकरी, पहिल्या पगारातून घेतलेली आणि अप्पांपासून लपवून ठेवलेली निळी साडी. हे सगळं मला मिळालं ते त्या एका शब्दावर. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि आज त्याच शब्दाचा मला इतका राग येतोय की तो कुठं ठेवावा कळत नाही.

अप्पा गेल्यावर दोन हजार चारमध्ये तुम्ही कायमच्या आलात. मी तुमच्याशी किती गोष्टींवरून वाद घातला. डिशवॉशर तुम्ही कधीच लावला नाहीत. हातानं भांडी घासायची आणि मग त्या मशिनमध्ये निथळत ठेवायची, पाच वर्षांत तो बिचारा भांड्यांचं स्टँड म्हणून राबला. फोडणीनं स्मोक अलार्म वाजला की तुम्ही खाली उभं राहून त्याला पदरानं वारा घालायचात. माझ्या आमटीत गूळ पडला की चव घेऊन, "छान आहे. हे काय आहे?" असं विचारायचात. संध्याकाळी साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून तळ्याला फेरी मारायचात, आणि मी ऑफिसातून परत येताना वळणावर तुम्ही दिसलात की गाडी हळू करायचे. तुम्ही कधी वर बघितलं नाहीत. मला बघायला मिळत होतं तेवढं पुरे होतं.

आता त्या दिवसाकडे येते.

नोव्हेंबर होता. दोन महिने तुमचं जेवण कमी झालं होतं, पाठ दुखत होती, तपासण्या झाल्या होत्या. हॉस्पिटलच्या लोकांनी विचारलं, फोनवर तमिळ दुभाषी देऊ का. रघूनं सांगितलं, नको, माझी बायको तमिळ बोलते. मग तुम्हाला आत खुर्चीवर बसवून तो मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला. त्याला रिपोर्ट आदल्या दिवशी फोनवर कळला होता.

"मेधा, प्रॉमिस कर. कॅन्सर हा शब्द नाही. किती महिने वगैरे काही नाही. अप्पांना सांगितलं आणि ते दहा दिवसांत गेले. त्यांनी जस्ट गिव्ह अप केलं. मी परत नाही ते करणार."

"तू पण आत ये ना."

"मला नाही जमणार. माझा चेहरा बघूनच तिला कळेल." तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी प्रॉमिस केलं. नवऱ्याला तसं बघून कुठल्या बाईनं केलं नसतं?

डॉक्टर तरुण होती. इथल्या रीतीप्रमाणे ती माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघून बोलत होती, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. यकृतात पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधानं काही महिने मिळतील. आणि मग ती जरा पुढे वाकली आणि म्हणाली, "तुम्हाला कुठं जायचं असेल, घरी, कुणाकडे, तर आत्ता जा. पुढचे पाच-सहा आठवडे विमानप्रवास झेपेल. त्यानंतर बहुधा नाही."

तुम्ही तिच्याकडे बघत होतात. मांडीवर हात, हातावर हात. शेवटच्या वाक्याला तुमची वरच्या हाताची बोटं जराशी मिटली. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि थांबलात.

तुम्ही थांबलात, अम्मा. मी ते रोज बघते. वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

मी तमिळमध्ये म्हटलं, पोटात सूज आहे. औषध देतील. थोडा अशक्तपणा येईल, मग बरं वाटेल.

रघूला दिलेलं प्रॉमिस एवढंच होतं. जाण्याचं ते वाक्य गाळ असं मला कुणी सांगितलं नव्हतं. असं काही वाक्य येणार हे रघूला ठाऊकही नव्हतं. ते माझं मी गाळलं. तोंडातून तीन वाक्यं निघाली आणि चौथं निघालं नाही.

"अप्पडिया?" तुम्ही म्हणालात. "सरि." म्हणजे बरं.

डॉक्टरनं मला विचारलं, सगळं सांगितलंत का, त्यांना काही विचारायचंय का. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही मान हलवली. मग डॉक्टरला हात जोडून इंग्रजीत "थँक यू, डॉक्टर" म्हणालात. फोनवर इंग्रजीत बोलणारी माणसं एकतीस वर्षं जोडून दिलेली बाई. रघू म्हणायचा, अम्माला नंबर प्लीज एवढंच इंग्रजी येतं, डॉक्टरी इंग्रजी नाही कळत. मुलांना आपल्या आयांबद्दल काय काय ठाम वाटत असतं. मला त्या खोलीतच कळलं होतं की तुम्हाला सगळं ऐकू आलंय, आणि मी स्वतःला सांगितलं की नाही, कसं येईल.

बाहेर आल्यावर रघूनं विचारलं, काय म्हणाली ती. मी त्याला सगळं सांगितलं. ते एक वाक्य सोडून.

तुम्ही म्हणाल, का? माझं उत्तर बरेच दिवस तयार होतं. रघू खचला असता. तिरुचीच्या फ्लॅटला पाच वर्षं कुलूप, तिथं तुमचं बघणार कोण. नवीन औषधाचा गुण येईलही. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण खरं नाही. मला तुम्ही इथं हव्या होतात. मी संध्याकाळी गॅरेजमध्ये गाडी घातली की आतून भांड्याचा आवाज यायचा, तो मला हवा होता. माझी आई फोनवर दर रविवारी अर्धा तास असते, कॉलिंग कार्ड संपेपर्यंत. तुम्ही रोज होतात. एवढ्यासाठी मी तुमचं जाणं अडवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी स्कॅन होतं. आदल्या आठवड्यात नर्सनं बजावलं होतं, सकाळी रिकाम्या पोटी या. मी ते तुम्हाला सांगायचंच विसरले. त्या सकाळी घाईघाईत दोन इडल्या ताटलीत घालून तुमच्यापुढे धरल्या. तुम्ही म्हणालात, "आज रिकाम्या पोटी जायचंय ना."

माझा हात तसाच राहिला. ते फक्त नर्स बोलली होती, इंग्रजीत, पाठमोरी, कागद भरता भरता. तुमच्याही लक्षात आलं. एकतीस वर्षांत बोर्डावर बसून जे कधी झालं नसेल ते माझ्या ओट्यापाशी झालं. तुम्ही ताटलीकडे बघत राहिलात, मी तुमच्याकडे. वर रघूचा शॉवर चालू होता. तेव्हा बोलता आलं असतं. मला एवढंच म्हणायचं होतं, की अम्मा, तुम्ही ते ऐकलंत ना? किंवा तुम्ही म्हणायचं होतं, की मेधा, एक वाक्य राहिलंय तुझं.

"हो अम्मा, विसरलेच मी," असं म्हणून मी इडल्या परत भांड्यात ठेवल्या. शॉवर बंद झाला आणि तुम्ही शाल शोधायला गेलात.

तुम्हाला वाटेल, एकदा चुकलं, दोनदा चुकलं, बाई बावरलेली होती. मीही तशीच समजूत घातली असती स्वतःची. पण तिसरी वेळ आहे.

नोव्हेंबर सरत आला होता. डॉक्टरनं दिलेले आठवडे अजून संपले नव्हते, मी ते कॅलेंडरवर मोजत होते. शुक्रवारी मी घरून काम करते. डायनिंग टेबलावर माझा लॅपटॉप आणि समोर तुम्ही, घेवड्याचे दोरे काढत. बाहेर स्वच्छ ऊन होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पंधरा-वीस दिवसांत मार्गळी सुरू होईल."

मार्गळी म्हणजे तुमचा मार्गशीर्षाचा महिना. मला ठाऊक होतं. तुम्हीच पाच वर्षं सांगत होतात.

"तिकडे पहाटे छान गारवा असतो. अंगणात रांगोळीचे मोठे कोलम काढतात. देवळात गाणी लागतात. माझी बहीण अजून पहाटे उठते म्हणे, या वयात." तुम्ही एक शेंग बाजूला ठेवलीत. "आणि नदीला पाणी असतं तेव्हा."

तुम्ही कधी काही मागितलं नाहीत, अम्मा. साधी शाल हवी असली तरी 'इथं जरा गार आहे' म्हणायचात. मागणं कसं असतं तुमचं, हे मला घरात सगळ्यांत चांगलं माहीत होतं. तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत. मी फक्त म्हणायचं होतं, जायचंय का तुम्हाला?

मी लॅपटॉपवरून नजर काढली आणि म्हटलं, "अप्पडिया, अम्मा?"

अगदी तुम्ही शिकवलं होतंत तसं म्हटलं. गोड, लांबवून, जणू मार्गळी नावाचा महिना असतो हे मला आजच कळतंय.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. मग हसलात आणि म्हणालात, "तमिळ छान शिकलीस."

आणि उठून कॉफी टाकायला गेलात.

त्यानंतर जायचा विषय तुम्ही काढला नाहीत. डिसेंबर गेला, औषधं चालू राहिली, तुम्ही तळ्याला जायचं थांबवलंत, मग जिन्यावर चढायचं. मी रोज संध्याकाळी तुमचे पाय चेपायचे आणि तुम्ही मला माहीत असलेल्याच गोष्टी पुन्हा सांगायचात. मी खरोखर मनापासून ऐकायचे. पण तो शब्द माझ्या तोंडून येईना. नुसतं हं हं करायचे. तुम्हालाही ते जाणवलं असावं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून "तू चांगली मुलगी आहेस" म्हणालात, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं की असं म्हणू नका. तुम्ही माझ्यावर चिडायला हवं होतं. एकदा तरी. रघूला हाक मारून सांगायचंत, तुझी बायको मला घरी जाऊ देत नाही. मी हक्कानं शिव्या खाल्ल्या असत्या. तुम्ही मला तीही सोय ठेवली नाहीत, आणि हे माझं तुमच्याशी भांडण आहे. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं हे मला पटलं होतं. पण समोरचा खोटं बोलत असेल तर? तुमचंच मरण तुमच्यापासून लपवत असेल तर? तेव्हाही अप्पडियाच म्हणायचं? कोणासाठी? रघूसाठी म्हणालात, ते मला कळतं. त्याला वाटत होतं की तो तुम्हाला वाचवतोय, ते तुम्ही त्याला वाटू दिलंत. पण माझ्यासाठी का? मला का इतक्या सहज सुटू दिलंत?

तेराव्याला आमच्या मराठी मंडळातल्या शैलाकाकू आल्या होत्या, तुमच्याबरोबर तळ्यावर फिरणाऱ्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "बरं झालं बाई, त्यांना कळलं नाही ते. कळून झुरण्यापेक्षा बरं." मागे रघू कुणाला तरी तेच इंग्रजीत सांगत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी रघू चेन्नईच्या मामांशी फोनवर बोलत होता. तेच वाक्य, या वेळी तमिळमध्ये. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "तिला माहीत होतं."

"व्हॉट?"

"अम्मांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. डॉक्टर बोलल्या ते सगळं त्यांना कळलं." मी इडल्यांचं सांगितलं. तो खुर्चीत बसला. मला वाटलं तो चिडेल, पण त्यानं हळू आवाजात विचारलं, "काही म्हणाली ती? कधी?"

मग मी राहिलेलं सांगितलं. डॉक्टरचं ते वाक्य. पाच-सहा आठवडे. मार्गळी.

"आणि तू काय म्हणालीस?"

"अप्पडिया म्हणाले."

तमिळ माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. तो खुर्चीतून उठला. नंतर म्हणाला, "मी नेलं असतं तिला, मेधा. कसंही करून नेलं असतं." आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. इंजिन सुरू केलं नाही. तासाभरानं मी दार उघडून बघितलं, तर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होता.

तेव्हापासून आम्ही एकमेकांना लागेल तेवढंच बोलतो. दूध संपलंय. खुर्च्या परत द्यायच्यात. तो मला दोष देत नाही, आणि मी माफी मागितली तर तो 'इट्स ओके' म्हणेल अशी मला भीती वाटते. तुमचाच मुलगा आहे.

काल सकाळी प्रिंटरवर एक कागद पडलेला दिसला. सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर, तिरुची. गुरुवार. प्रवासी एक. तुमच्या अस्थींसाठी लागणारी कागदपत्रं खाली जोडलेली. मी कागद होता तिथंच ठेवला. दुपारी रघू फ्रीजपाशी उभा राहून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी गुरुवारी निघतोय. अम्माला घेऊन."

"मला माहितीये," मी म्हटलं. "कागद बघितला मी. मी पण येणार आहे."

त्यानं फ्रीजचं दार उघडलं, काहीही न घेता बंद केलं. "तुझी इच्छा," म्हणाला.

मी एअरलाइनला फोन लावला. त्याच्या शेजारची सीट गेलेली होती. चार रांगा मागे मिळाली. तुम्ही त्याच्या मांडीवर असाल, आणि मी तिथपर्यंत तुम्हा दोघांना मागून बघत येईन. तिरुचीला तुमची बहीण दारात उभी असेल. ती विचारणार, माझ्या अक्काला वेळेवर का नाही आणलंत. रघू काही बोलणार नाही, मला ओळखून आहे तो आणि मी त्याला. उत्तर मलाच द्यायचंय आणि ते तमिळमध्येच द्यायला हवं. त्यात माझ्या चुका होतील, आणि या वेळी नीट करून सांगायला तुम्ही नाही. कालपासून मी ते ओट्यापाशी उभी राहून पाठ करतेय. दोनच वाक्यं आहेत. डॉक्टर म्हणाल्या होत्या, घरी जायचं असेल तर आत्ता जा. मी ते अम्मांना सांगितलं नाही.